मॅव्हिसच्या दगडावरचा दोन

दोघा भावांचं ते भांडण ओडेटनं ऐकलं तेव्हा ती स्टेन्सिलच्या खोलीत उभी होती. हातात सुरी, पुढ्यात रबराचा तक्ता, आणि मधे एक पातळ लाकडी भिंत. भिंतीपलीकडे तिचा नवरा एलिओ आणि धाकटा दीर रेनो. मोठी करवत जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"चाळीस तऱ्हेची अक्षरं येतात त्या यंत्रात," रेनो सांगत होता. "बटण दाबलं की रबर कापून बाहेर. तू एकेका नावाला अख्खा दिवस घालवतोस."

"चाळीसही तऱ्हा मेलेल्या," एलिओ म्हणाला.

"मग बिघडलं काय? ज्याच्या नावाचा दगड, तोही मेलेलाच असतो."

"त्याची बायको जिवंत असते. ती रविवारी येते, बघते."

"ती फुलं ठेवायला येते. तुझ्या नऊची शेपटी कुठं वळते ते बघायला नाही. कुणाला दिसत नाही, एलिओ. कुणालाच नाही."

"ओडेटला दिसतं."

यावर रेनो जरा हसला असावा. "ओडेटला काय," तो म्हणाला, "तू दाखवशील ते दिसतं."

ओडेटनं सुरी खाली ठेवली नाही. हातातलं आर हे अक्षर तिनं पुरं कापलं आणि ते जरा जाड झालं. भांडण तिथंच मिटलं, भाऊ जेवायला बसले, रेनोनं तिच्याकडे मीठही मागितलं. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं तिच्या घशात जे अडकलं ते पुढं कित्येक वर्षं ना आत गेलं ना बाहेर आलं.

व्हरमाँटच्या उत्तरेला आमच्या ईस्ट कॅलोवेत दगडाशिवाय काही पिकत नाही. डोंगरातून ग्रॅनाइट काढायचा, कापायचा, घासायचा, त्यावर कुणाचं तरी नाव घालायचं आणि परत जमिनीत रोवायचा, एवढाच गावाचा धंदा. ओडेट गॅन्यों ही क्वेबेकहून आलेल्या माणसांतली, एलिओचं घराणं तोनेत्ती, इटलीहून आलेल्यांतलं. लग्नात ओडेटच्या आईनं तोंड वाकडं केलं होतं, कारण तोनेत्तींच्या घरी डुकराच्या मांसाच्या पाईतसुद्धा लसूण पडायचा. बाकी देव एक, चर्च एक, आणि मुलीचं शाळेत फारसं चालत नव्हतं. हात मात्र तिचा असा स्थिर की सासऱ्यानं तिला पहिल्याच आठवड्यात सुरी दिली आणि स्टेन्सिल कापायला बसवलं. एलिओ अक्षर काढायचा, ती कापायची. त्यांच्या संसारात यापेक्षा गोड बोलणं झालं असेल तर ते कुणी ऐकलेलं नाही.

आमच्याकडे जोडप्याला दगड एकच. आधी जाणाऱ्याची दोन्ही सालं कोरून होतात. मागं राहिलेल्याचं नाव, जन्माचं साल आणि त्यापुढं एक आडवी रेघ. रेघेपुढं कोरं. मग तो किंवा ती वर्षानुवर्षं तिथं जिरेनियमला पाणी घालायला येते आणि आपल्याच नावापुढची रिकामी जागा बघून घरी जाते. वेळ आली की दगड कुणी उपटून आणत नाही. स्टेन्सिल दफनभूमीत न्यायची, दगडावर चिकटवायची, वाळूचा फवारा मारायचा, आणि आकडे खोल उमटले की रबर सोलून टाकायचं. हे शेवटचे आकडे आधीच्यांशी जुळले नाहीत तर एकाच दगडाखाली निजलेली नवरा-बायको एकमेकांची कुणी लागत नसल्यासारखी दिसतात. निदान एलिओला तशी दिसायची.

आणि एलिओची खोड ही, की प्रत्येक घराला तो वेगळं वळण द्यायचा. त्याचा मित्र अ‍ॅलेक क्रुकशँक गेला तेव्हा तर त्यानं जे आकडे काढले ते पुन्हा दुसऱ्या कुणासाठी काढले नाहीत. पोटात गोल, शेपटीला ओल्या पानासारखे किंचित उघडलेले. अ‍ॅलेकच्या नावाखाली त्याची बायको मॅव्हिस, तिचं जन्मसाल, आणि रेघ.

यंत्र शेवटी आलंच. रेनोचं म्हणणं खरं होतं, गिऱ्हाईक थांबत नव्हतं. संगणकावर नाव लिहायचं, शेजारचं कापयंत्र रबर कापून देणार. ओडेट ते शिकली, कारण शिकायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मग काही वर्षांनी तो संगणक मेला. नव्या संगणकाला जुना प्रोग्राम समजेना, आणि ज्या कंपनीनं कापयंत्र बनवलं ती केव्हाच बंद पडलेली. तालुक्याहून संगणक दुरुस्त करणारा आला, तासभर खुडबुड केली आणि म्हणाला, "बाई, तुमचा जुना संगणक आता या नव्याच्या पोटात राहील. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला वाटतं तो अजून जुन्याच काळात आहे. त्याला तसंच वाटू द्यायचं."

"आमच्याकडे अशी माणसं खूप आहेत," ओडेट म्हणाली. "सवय आहे मला."

पण पोटातला संगणक सांभाळणं म्हणजे म्हाताऱ्या सासऱ्याला आणि नव्या सुनेला एका चुलीवर जेवू घालणं. कापयंत्राची केबल एक, आणि ती दोघांनाही हवी. बाहेरच्यानं धरून ठेवली की आतला म्हणणार, यंत्र कुठंय, मला दिसत नाही. मग केबल उपटायची, दहा श्वास थांबायचं, परत खोचायची, आणि वरच्या यादीत जाऊन ही आतल्याची आहे म्हणून खूण करायची. आत गेलेला उंदीर, म्हणजे पडद्यावरचा बाण, बाहेर यायचा नाही. त्याला सोडवायला उजव्या हाताची एक कळ. आतल्याला जास्त मेमरी दिली की बाहेरच्याचा जीव गुदमरायचा, कमी दिली की आतला रुसून काळा पडदा पुढं करायचा. संध्याकाळी नुसतं झाकण मिटून गेलं की सकाळी आतल्याचं घड्याळ कालच्या संध्याकाळीच उभं. ओडेट हे सगळं चुलीपाशी शिकतात तसं शिकली, भाजून भाजून. रेनोला त्याचा राग यायचा. "तुझा तो म्हातारा आज बसला का?" असं तो दारातूनच विचारायचा.

"उठलाय. तुझ्याआधी उठलाय."

त्याच सुमारास एलिओच्या छातीनं हात टेकले. अर्धं दगडाची धूळ, अर्धं सिगारेट. छिन्नी सुटली. मग तो दिवसभर ओडेटच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागला. एक दिवस म्हणाला, "गावात एवढ्या रेघा उघड्या ठेवल्यात मी. मी गेल्यावर त्यांच्यापुढं कोण लिहील?"

"रेनो."

"तेच म्हणतोय."

म्हणून मग ते दोघं लागले. ऑक्टोबरपर्यंत ओडेट दफनभूमीत जाऊन दगडांवर कागद धरायची, मेण घासायची, उमटलेले आकडे घरी आणायची. आणि हिवाळाभर एलिओ संगणकाला जोडलेल्या काचेच्या पाटीवर पेन फिरवून ते आतल्या संगणकात काढायचा. दगडावर होते ते, आणि नव्हते तेही. ज्या घराच्या दगडावर सात नव्हता त्या घराचा सात. असे दोन हिवाळे गेले. एकेक आकडा झाला की तो धापा टाकत मागं टेकायचा आणि ओडेट म्हणायची, "शेपूट जरा आत." तो ती आत घ्यायचा. कुरकुरायचा, पण घ्यायचा.

मॅव्हिसला हे कळलं तेव्हा ती मुद्दाम बघायला आली. हातात डोनट्सची पिशवी. आपल्या नावापुढं कुठले आकडे येऊ शकतात ते तिनं पडद्यावर न्याहाळून पाहिलं. एलिओनं अ‍ॅलेकच्या वळणाचे सगळे दहाच्या दहा काढून ठेवले होते. दोनचा आकडा तर असा, की बदक पाण्यात उतरावं तसा.

"हा फारच देखणा आहे," मॅव्हिस म्हणाली. "याच्यासाठी तरी मरायला हवं."

"घाई नको," एलिओ म्हणाला. "शून्य अजून नीट करायचाय."

"ओडेट, तू मला शब्द दे. माझी पोरगी बॉस्टनला असते, तिला यातलं काही कळत नाही. ती रेनोला फोन करील आणि रेनो जे हाताला लागेल ते चिकटवील. मला अ‍ॅलेकशेजारी एलिओच्याच हातचे आकडे हवेत. दे शब्द."

ओडेटनं दिला. तिच्या आयुष्यात फारसे शब्द कुणी मागितले नव्हते.

दुरुस्तीवाल्यानं पहिल्याच दिवशी आतल्या संगणकाचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता. बिघडलं तर इथवर परत येता येईल म्हणून. ओडेटला समजावं म्हणून त्यानं तिच्याच मेजावरचा पारदर्शक कागद उचलला. "खाली मूळ चित्र. आजपासून त्याला हात लागणार नाही. तुम्ही जे काही कराल ते या वरच्या कागदावर उमटेल. दोन्ही मिळून तुमचा संगणक." ओडेटला ते चांगलं समजलं. आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आतल्या संगणकाची एक प्रत बोटाएवढ्या काडीवर, म्हणजे पेन ड्राइव्हवर, घेत जा, असंही त्यानं सांगितलं. पडद्यावर निळी खूण असलेली आतल्या संगणकाच्या नावाची फाइल होती. ओडेट दर पहिल्या शुक्रवारी चर्चमधून आल्यावर ती काडीवर घ्यायची आणि काडी पिठाच्या डब्यात ठेवायची. एकदा चुकलं नाही. एलिओच्या प्रेतयात्रेच्या आठवड्यातही चुकलं नाही.

एलिओ गेला. त्याच्या दगडावर त्याची दोन्ही सालं त्याच्याच आकड्यांत आली. खाली ओडेटचं नाव, जन्मसाल, रेघ.

पुढं तीनेक वर्षांनी ओडेट बहिणीच्या आजारपणाला शेरब्रूकला गेली. इकडे नोव्हेंबर, म्हणजे रेनोच्या शिकारीचा महिना. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांतले हरणांचे व्हिडिओ तो कारखान्याच्याच संगणकावर उतरवायचा, कारण घरचा बायकोचा होता. त्या आठवड्यात एका घाईच्या दगडाची स्टेन्सिल हवी होती. आतला संगणक मधेच थबकला आणि पडद्यावर आलं की जागा संपली. रेनोनं जागा खाणाऱ्याचा शोध घेतला. स्नॅपशॉट नावाच्या कप्प्यात एक फाइल सापडली, भली थोरली, आणि नावात तारीख दुरुस्तीवाला आला त्या वर्षीची. जुने फोटो, रेनोनं मनाशी म्हटलं, कोण बघतंय. पुसली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण जागा टोपलीतच अडकते एवढं त्याला माहीत होतं. आतला संगणक मग उठेचना. काही तरी सापडत नाही म्हणून ओरडायला लागला. रेनोनं इकडे तिकडे दाबलं, शेवटी मूळ स्थितीला जा असं काहीतरी दिसलं, त्यावर हो म्हटलं. आणि तो उठला, अगदी टवटवीत. रेनोनं स्टेन्सिल कापली, चिकटवली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आणखी हरणं उतरवली.

तारीख होती ती पारदर्शक कागद पसरला त्या दिवसाची. पुसली गेलेली फाइल म्हणजे तो वरचा कागदच, आणि त्यावर काढलेलं सगळं त्या दिवसानंतरचं.

ओडेट परत आली, कोट खुंटीला लावला, संगणक लावला. क्रुकशँकांचे आकडे उघडायला गेली तर नाव नाही. शेजारच्या घरांचे नाहीत. कुणाचेच नाहीत. आतल्या संगणकाच्या लेखी एलिओ कधी त्याच्यापुढं बसलाच नव्हता.

"रेनो," ती म्हणाली, "तू याला काय केलंस?"

"दुरुस्त केला. तू नव्हतीस तर बसला होता."

"कसा दुरुस्त केलास?"

रेनोनं सांगितलं. सांगताना जरा ऐटीतच सांगितलं. त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ते फोटो नव्हते."

"स्नॅपशॉट म्हणजे फोटोच. इंग्रजी मलाही येतं."

"एलिओचे दोन हिवाळे होते त्यात."

मग लोक जसं करतात तसं रेनोनं केलं, लगेच दुसऱ्याची चूक शोधली. "तू प्रत ठेवतेस ना? ती पिठाची काडी? मग लाव की ती."

ओडेटनं डबा उघडला, काडीवरचं पीठ ऍप्रननं पुसलं. तालुक्याचा माणूस संध्याकाळी आला. काडी लावली, बघितली, पुन्हा बघितली. मग त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, ही तर चिठ्ठी आहे नुसती. आतल्या संगणकाला मेमरी किती, पडदा केवढा, केबल कुठली, एवढंच यात असतं. संगणक शेजारच्या मोठ्या फाइलींत होता."

"नाव तर त्याचंच होतं."

"नाव त्याचंच असतं."

म्हणजे घराचा नकाशा ती वर्षानुवर्षं पिठात जपत होती, आणि घर उघड्यावर. पुसलेलं परत काढता येतं का म्हणून त्यानं प्रयत्न केला. पण त्या जागेवर हरणं चढली होती. एक बारशिंगा मान वर करून कॅमेऱ्यात बघत होता, तो बराच वेळ पडद्यावर राहिला.

"बघ," रेनो म्हणाला, "चूक दोघांची झाली."

"हो," ओडेट म्हणाली. "तुझी अर्ध्या तासाची, माझी सहा वर्षांची. माझीच मोठी."

दुसऱ्या दिवशी रेनो एक गरम कॉफी तिच्या मेजावर ठेवून गेला. तिनं ती पिऊन टाकली. कॉफीनं काय घोडं मारलं होतं?

मॅव्हिसला ओडेटनं सांगितलं नाही. सांगायचं म्हणून दोनदा तिच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा बीन्सची कृती विचारून परत आली, जी तिला लहानपणापासून येत होती. आपण पुन्हा काढू, असं तिनं ठरवलं होतं. मॅव्हिसला कुठं घाई होती.

मॅव्हिस जानेवारीत गेली. आमच्याकडे जमीन तेव्हा लोखंड झालेली असते, म्हणून माणसाला मे महिन्यापर्यंत दगडी कोठीत ठेवतात. तेवढी मुदत ओडेटला मिळाली. बॉस्टनहून मुलीचा फोन आला, तो रेनोनं घेतला आणि मग ओडेटच्या हातात दिला.

"काकू, तुम्हाला जे सोपं पडेल ते करा," मुलगी म्हणाली. "आईला साधंच आवडायचं."

"तिला साधं आवडत नव्हतं," ओडेट म्हणाली. "पण बरं."

सालात एक, नऊ, शून्य आणि दोन लागणार होते. एक आणि नऊ अ‍ॅलेकच्या सालांतून दगडावरच होते, मेण घासून उचलता आले असते. शून्य नऊच्या पोटावरून काढता येईल. दोन कुठं नव्हता. त्या वळणाचा दोन जगात फक्त एका ठिकाणी होता, आणि तिथं आता बारशिंगा उभा होता.

एप्रिलमध्ये चिखल झाला तशी ती रबरी बूट घालून दफनभूमीत गेली. एलिओचा हात दोनवर कसा वळायचा ते इतर दगडांवर पाहून, त्यावरून ताडून बघावं, असा विचार होता. जी नावं शेवटच्या वर्षांत, तो खुर्चीत बसायला लागल्यावर, पुरी झाली त्या दगडांपासून तिनं सुरुवात केली. त्यांच्यापुढून ती दर रविवारी जायची. माना वळवून वळवून बघायची, हा आमचा, हाही आमचा. कागद धरला, मेण घासलं. दोन उमटला. पुढच्या दगडावर गेली, तिथला उमटवला. तिसऱ्यावरचा. मग तिन्ही कागद हातात घेऊन ती तिथंच एका दगडाला टेकली.

तिन्ही दोन एकसारखे होते. तीन वेगळ्या घरांचे, तीन वेगळ्या वळणांच्या दगडांवर, आणि दोन एकच. यंत्रातल्या चाळिसांतला. शेपूट सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

ती कारखान्यात आली आणि कागद रेनोपुढं ठेवले. त्यानं चष्मा लावला, मग काढला.

"हे एलिओचे नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"तो जिवंत होता तेव्हाचे आहेत हे. आकडे तयार होते त्याचे."

"होते. आणि तुझा तो म्हातारा दर दोन दिवसांनी बसायचा. केबल दिसत नाही, यंत्र दिसत नाही. तू घरी गेलेली असायचीस, लोक उभे असायचे. यंत्र चालेल तेव्हा मी साधे आकडे कापून ठेवायचो, तेच चिकटवायचो."

"एलिओला माहीत होतं?"

रेनोनं चष्मा खिशात ठेवला. "त्यानंच सांगितलं. म्हणाला, घाल साधे. ओडेटला सांगू नकोस, म्हणाला, ती रमलीय त्यात."

कारखान्यात कुणीतरी पॉलिशचं यंत्र चालू केलं, बंद केलं.

"खोटं बोलतोयस."

"असेन," रेनो म्हणाला. "विचार त्याला."

रेनो खरं बोलला की खोटं, हे ओडेटला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या तोंडावरून कळलं असतं तर बरं, पण रेनोचं तोंड खरं बोलताना आणि खोटं बोलताना एकच असायचं, त्याच्या दोनसारखं. रागवायचं तर कुणावर? रेनोवर रागावली तर एलिओ सुटतो. एलिओवर रागावली तर दोन हिवाळे जातात. आणि मधे एक गोष्ट कुठंच जात नव्हती. ती त्या दगडांपुढून दर रविवारी गेली होती, आणि तिला दिसलं नव्हतं. एलिओनं सांगितलं होतं की हे आपले, म्हणून ते आपले दिसत होते.

भिंतीपलीकडून ऐकलेलं ते वाक्य, इतक्या वर्षांनी, खाली उतरलं. काटा गेल्यावर घशाला बरं वाटतं म्हणतात. तिला काही तसं वाटलं नाही.

त्या आठवड्यात ती कामावर गेली नाही. स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली. मॅव्हिसचा दोन तिनं आठवून काढायचा प्रयत्न केला, एलिओच्या हातानं. तो आला नाही. बदक यायचं, पण पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहायचं. शेवटी तिनं एलिओला बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हातानं काढला. मान जरा आखूड, पोट जरा मोठं, शेपटी पानासारखी उघडलेली पण थोडी आत. 'शेपूट जरा आत' हे तर ती पहिल्यापासूनच सांगत आली होती. आता ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं स्वतःचंच ऐकलं.

तो एलिओचा नव्हता. मॅव्हिसला दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे ती कुणाला सांगत बसली नाही. आणि मॅव्हिसच्या मुलीला तर तो दोन कुणाचाही चालला असता.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग ते मधे यायला नको. ओडेट त्याच वर्षी सप्टेंबरात झोपेत गेली. तिच्या रेघेपुढचे आकडे रेनोनंच घातले, चाळिसांतले. चांगले खोल, सरळ, स्वच्छ. वाळूचा फवारा रेनोला मारता येतो, त्यात खोट काढायला जागा नाही. दर रविवारी तिथून माणसं जातात. अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

पण मे महिन्यात मॅव्हिसला कोठीतून काढून अ‍ॅलेकशेजारी ठेवलं, आणि त्याच आठवड्यात ओडेट सकाळी कारखान्यात आली. कोट खुंटीला लावला. हातांना आता सुरी दाबवत नव्हती, म्हणून तिनं तो दोन काचेच्या पाटीवरून आतल्या संगणकात गिरवून घेतला होता, शून्यही, आणि दगडावरून उचललेले एक आणि नऊ. कापायला सांगितलं. आतला म्हणाला, यंत्र दिसत नाही. तिनं केबल उपटली, दहा श्वास थांबली, खोचली, यादीत खूण केली. दिसलं. कापयंत्र सरकायला लागलं.

ते सरकत असताना तिनं आतला संगणक ज्यात ठेवतात तो अख्खा कप्पा, चिठ्ठी, मूळ चित्र, वरचा कागद, सगळं एका मोठ्या काडीवर उतरवलं. आता तिला माहीत होतं की काय उतरवायचं असतं. त्यात उतरवण्यासारखे चार आकडे होते. काडी तिनं ऍप्रनच्या खिशात टाकली, पिठात ठेवायला.

"झाली का?" रेनोनं दारातून विचारलं. ट्रकवर हवेचा पंप चढवलेला होता.

"झाली."

दफनभूमीत लायलॅक फुलायला लागले होते आणि काळ्या माशा नाकातोंडात जात होत्या. ओडेटनं दगड ओल्या फडक्यानं पुसला, सुकू दिला. रबराच्या मागचा कागद सोलला आणि स्टेन्सिल रेघेपुढं धरली, डोळ्यानं, पट्टी न लावता. अंगठ्यानं दाबत दाबत कडा बसवल्या. दोनच्या शेपटीपाशी हवा राहिली होती, ती नखानं बाहेर काढली.

रेनो मुखवटा कपाळावर सरकवून बघत होता.

"हा त्याचा आहे?" त्यानं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

रेनोनं वाकून बघितलं. बराच वेळ. "त्याचाच दिसतो," तो म्हणाला.

ओडेट बाजूला झाली, पदराला पुसावेत तसे हात ऍप्रनला पुसले आणि माशा हाकलल्या.

"तू फवारा चालू कर," ती म्हणाली. "मागच्या रांगेत अजून ब्रोंसोंच्या घरचा दगड पुसायचाय."